रियाजाचं बजेट

आमच्या संस्थेचं हिशेबाचं रजिस्टर २००९ सालापर्यंत ताईंच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात असायचं, हिंगाच्या डबीशेजारी. अजूनही त्याची पानं उलटली की वास येतो. ताई म्हणजे माझ्या गुरू. रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू केली, तेव्हापासून पुण्यात कथकच्या वर्गांची जी वीण तयार होत गेली, तिच्यातला आमचा एक बारीकसा टाका.

मी तेव्हा एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात होते. सकाळी सात ते नऊ रियाज, मग घाम पुसून, कपडे बदलून बँक. विशारद झाले होते, ग्रुपमध्ये दुसऱ्या ओळीत नाचत होते, आणि पुढच्या ओळीत आपण कधी जाणार नाही हे मला ताईंच्या आधी कळलं होतं. एका संध्याकाळी ताईंनी ते रजिस्टर माझ्या पुढ्यात ठेवलं. म्हणाल्या, "बँकेत आहेस ना? बघ जरा काय गोंधळ आहे तो." त्या 'जरा'ला आता पंधरा वर्षं होऊन गेली.

गोंधळ असा काही नव्हताच. खर्चाच्या बाजूला तबला, संवादिनी, प्रकाशयोजना, फुलं, टेम्पो, सगळं ताईंच्या सुवाच्य अक्षरात. जमेच्या बाजूला मात्र दर वर्षाच्या अखेरीला एकच ओळ: 'ताईंकडून'. कुठे चार हजार, कुठे अठरा हजार. क्लासची फी, परीक्षक म्हणून मिळालेलं मानधन, आणि एका वर्षी, पुढे कंसात लिहिलेलं, 'बांगड्या'. बँकेत मी रोज लोकांच्या ताळेबंदात लपवलेली तूट शोधत असे. इथे तूट लपवलेली नव्हती. ती इतकी उघड होती की कुणाला दिसतच नव्हती.

ताईंना मी म्हटलं, आपण देणग्या मागू. ताई म्हणाल्या, माग. इतकं सोपं वाटलं तेव्हा ते.

पहिल्याच देणगीदाराने, एका माजी विद्यार्थिनीच्या वडिलांनी, चेकबुक काढलं आणि विचारलं, "८०जी आहे ना?" ८०जी म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी आयकराची नोंदणी. ती आमच्याकडे आहे का, मला माहीत नव्हतं. घरी येऊन फाइल काढली. संस्था १९८८ ची. महाराष्ट्रात बहुतेक सांस्कृतिक संस्थांची असते तशी दुहेरी नोंदणी: १८६० च्या कायद्याखाली सोसायटी आणि १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था. धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट १ च्या उताऱ्यावर सात विश्वस्त. त्यांतले तिघे वारलेले, एक अमेरिकेत, एकांना आपण विश्वस्त आहोत याची आठवण नाही. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. आमचा एकही गेलेला नव्हता. चूक सगळी आमची. नाचणाऱ्या माणसांनी संस्था काढली, नोंदवली आणि नाचायला निघून गेली.

मग चौदा महिने मी कथक प्रशासनाच्या नावाखाली मृत्यूचे दाखले गोळा केले. सभेची नोटीस, इतिवृत्त, ठराव, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, विलंब माफीचा अर्ज. एका दिवंगत विश्वस्तांच्या मुलाकडे दाखल्याची प्रत मागायला गेले, तर तो म्हणाला, "बाबांचं नाव अजून आहे तिथे? मग राहू दे की." राहू द्यावं असं माझ्याही मनात आलं. पण त्या नावामुळे बँक खात्यावर सही बदलत नव्हती आणि सही बदलल्याशिवाय आयकराच्या नोंदणीचा अर्ज पुढे सरकणार नव्हता. त्याने शेवटी प्रत दिली, आणि सोबत बाबांचा कार्यक्रमात भाषण करतानाचा एक फोटो. तो फोटो आजही ऑफिसात आहे. मी 'ऑफिस' म्हणतेय, ते म्हणजे तालमीच्या हॉलमागची पूर्वीची कपडे बदलायची खोली.

१२ए (संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला करमाफी देणारी नोंदणी) आणि ८०जी हातात यायला २०११ चा शेवट उजाडला. तेव्हा ते एकदा मिळालं की कायमचं असे. २०२१ पासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण आलं. ८०जी म्हणजे देणगीदाराला आपल्या उत्पन्नातून निम्म्या देणगीची वजावट मिळते, तीही मर्यादेत. फार मोठा फायदा नाही तो. पण तो कागद नसलेल्या संस्थेकडे लोक ज्या नजरेने बघतात आणि असलेल्या संस्थेकडे ज्या नजरेने, त्यांत फरक आहे. मी कर्ज देणारी होते, मला ती नजर चांगली ठाऊक होती.

पुण्यात सांस्कृतिक संस्थेने पैसे उभे करायचे म्हणजे स्मरणिका काढायची, असा एक अलिखित नियम आहे. आम्हीही काढली. मलपृष्ठाचा दर वेगळा, आतल्या पूर्ण पानाचा वेगळा, अर्ध्याचा वेगळा, आणि 'हार्दिक शुभेच्छा' एवढंच लिहायचं असेल तर पाव पान. मी आणि दोन मुली महिनाभर सराफ, डॉक्टर, क्लासवाले, बिल्डर यांच्या दारात. जाहिराती मिळाल्या. छपाई, डिझाइन, प्रूफं तपासायला लागलेल्या रात्री, आणि 'बिल नंतर पाठवा' म्हणून कधीच न आलेले पैसे वजा जाता जे उरलं, त्यात एक प्रयोगाचं नाट्यगृहाचं भाडंही पूर्ण निघालं नाही. वर सीएंनी सांगितलं, जाहिरात ही देणगी नव्हे, त्यावर ८०जीची पावती देता येणार नाही. ज्यांना मी उत्साहाने 'करसवलत मिळेल' सांगून आले होते, त्यांना परत जाऊन 'नाही मिळणार' सांगितलं. एका डॉक्टरांनी ती गोष्ट पुढची पाच वर्षं लक्षात ठेवली.

त्या महिन्यातून मला एक कळलं. लोकांनी जाहिरात दिली ती ओळखीखातर. कथकशी तिचा काही संबंध नव्हता. उद्या त्यांच्या दारात गणेश मंडळाची मुलं गेली असती, तर तेवढेच पैसे त्यांनी त्याच चेहऱ्याने दिले असते.

खरं बजेट मी पहिल्यांदा केलं ते २०१३ मध्ये. ताईंनी नवी रचना बसवायला घेतली होती: आठ नर्तकी, ७५ मिनिटं. एका ट्रस्टकडे प्रस्ताव द्यायचा होता. नेहमीप्रमाणे मांडणी केली: नाट्यगृह, ध्वनी, प्रकाश, वेशभूषा, साथसंगत, निवेदक, छपाई. मग सहज, खरंच सहज, तालमीचा हिशेब मांडला. पाच महिने, आठवड्याला पाच दिवस, रोज तीन तास. साधारण ३१५ तास. गुणिले आठ, २,५२० तास. रंगमंचावर आठ जणी ७५ मिनिटं म्हणजे सगळ्यांचे मिळून १० तास. त्या १० तासांसाठी माझ्या बजेटमध्ये अकरा ओळी होत्या. २,५२० तासांसाठी एकही नव्हती.

वीस वर्षं मी स्वतः त्या तासांत उभी होते आणि तरी ते मला कधी दिसले नव्हते. तत्कार, म्हणजे पायांचं मूळ काम, करताना कुणी तास मोजत नाही, आणि मोजावेत असंही कुणाला वाटत नाही. रियाज ही साधना. साधनेचे पैसे कसले? हे वाक्य मीच कित्येकदा म्हटलं असेन. पण त्या आठ जणींपैकी तीन जणी त्या पाच महिन्यांसाठी शिकवण्या सोडत होत्या आणि एकीने नोकरीत अर्धा दिवस मागून घेतला होता. साधनेचा खर्च कुणीतरी भरतच होतं. ताईंच्या बांगड्यांसारखाच.

पुढे कधीतरी वाचलं की विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं. कारखान्यात यंत्रं येतात, तेवढ्याच वेळात जास्त माल निघतो, पगार वाढतात. रंगमंचावर ते होत नाही. चौघांनी वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वीही चौघांनीच वाजवायची होती आणि तिला तेवढाच वेळ लागत होता. बाहेरचे पगार वाढतात, भाडी वाढतात, आणि कला दर वर्षी तुलनेने महाग होत जाते, कलाकाराने काहीही चूक न करता. मला हे वाचून रडू यायचं बाकी होतं. तीनताल सोळा मात्रांचाच राहणार. तो बारा मात्रांत बसवून कुणी कार्यक्षमता वाढवून दाखवावी.

त्या प्रस्तावात मी एक ओळ घातली: 'तालीम भत्ता, २,५२० तास, ताशी १०० रुपये'. ट्रस्टच्या बाईंनी अतिशय सौजन्याने प्रस्ताव परत केला. बाकी सगळं मान्य, फक्त त्या ओळीवर पेन्सिलने रेघ. "हे तुमचं अंतर्गत झालं ना?" मी पैसे घेतले. रेघ तशीच राहू दिली. आज असतं तर काय केलं असतं ते मला माहीत नाही; तेव्हा नाट्यगृहाची अनामत भरायची होती.

त्यानंतर मात्र ती ओळ मी प्रत्येक बजेटमध्ये ठेवली. कधी रेघ आली, कधी निम्मी झाली, कधी 'क्षमतावृद्धी' असं नाव दिल्यावर मंजूर झाली. नाव बदललं की ओळ चालते, हे या धंद्यातलं एक गुपित आहे आणि मला त्याचा थोडा रागही आहे.

सरकारी अनुदानाबद्दल लोक जेवढं बोलतात तेवढं मी बोलणार नाही. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची गुरु-शिष्य परंपरेसाठीची रिपर्टरी योजना ही माझ्या पाहण्यातली अशी दुर्मीळ योजना, जी गुरूला आणि शिष्यांना दरमहा मानधन देते. म्हणजे शिकण्या-शिकवण्याचेच पैसे देते. अर्जाला नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक लागतो, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब लागतात, तज्ज्ञ समितीपुढे जावं लागतं. हे सगळं करता येतं. दुसऱ्याच एका अनुदानाच्या बाबतीत माझी फजिती झाली. मंजुरीचं पत्र आलं म्हणजे पैसे आले असं धरून मी प्रयोग लावला, कलाकारांना तारखा दिल्या, आणि दुसरा हप्ता आला तो प्रयोगानंतर अकरा महिन्यांनी. तोवर तबलजींचं, ध्वनीवाल्यांचं देणं मी विश्वस्तांकडून हातउसनं घेऊन भागवलं. मंजूर रक्कम आणि खात्यातली रक्कम यांतला फरक कर्ज विभागात दहा वर्षं काढलेल्या बाईला कळू नये, हे माझं मला आजही खटकतं. आता सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम वेगळी असल्याशिवाय मी तारीखच घेत नाही. आणि विनियोग प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'यूसी' म्हणतात, ते सरकारी वित्तीय नियमांतल्या (जीएफआर) १२-ए नमुन्यात सीएंच्या सहीने तयार ठेवल्याशिवाय पुढच्या हप्त्याची चौकशी करत नाही.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या पैशांचं, प्रकरण मात्र लांबलचक सांगायला हवं, कारण तिथे मी खरी चुकले.

२०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. परिशिष्ट ७ मध्ये कामांची यादी आहे आणि तिच्यात कला, संस्कृती, वारसा यांचा उल्लेख आहे. आम्ही सगळे संस्थावाले हुरळून गेलो. मी तर प्रयोगाच्या पोस्टरवर कोणत्या कोपऱ्यात लोगो बसेल याची जागाही योजून ठेवली. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाचं परिपत्रक आलं: मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिरात, टीव्ही कार्यक्रमांचं प्रायोजकत्व असे एकदाच होणारे उपक्रम सीएसआरमध्ये धरले जाणार नाहीत. म्हणजे आमचा प्रयोग गेला. मी निराश झाले, आणि दोन दिवसांनी माझ्या डोक्यात उजेड पडला की हे तर उलट माझ्या बाजूचं आहे. प्रयोग नको म्हणताय? मग वर्षभर चालणारं काहीतरी घ्या. रियाज घ्या!

रियाज कुणी घेतला नाही. मीटिंगमध्ये समोरचा तरुण अधिकारी चांगला होता, त्याची आई कधीकाळी भरतनाट्यम शिकलेली. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवून दाखवला. एका रकान्यात 'लाभार्थी संख्या' होती. "मॅडम, इथे आठ लिहिलं तर वर माझं काय होईल, विचार करा." आठ हा आकडा खरोखरच त्या रकान्यात केविलवाणा दिसत होता. मी चारशे म्हटलं.

चारशे म्हणजे सात शाळा, आठवड्याला दोन तासिका, वर्षभर, आमच्या नर्तकींनी शिकवायचं. पैसे चांगले होते. ताईंना मी सगळं ठरल्यावर सांगितलं, तीही चूकच. ताई ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "या मुली शिकवून आल्यावर नाचणार कधी?" मी म्हटलं, होईल. नाही झालं. सकाळी शाळा, दुपारी दुसरी शाळा, संध्याकाळी तालमीला आलेल्या मुलींचे पाय उचलत नव्हते. तिहाई, म्हणजे तीनदा घ्यायचा तुकडा, समेवर येईना. त्या वर्षी नवी रचना पूर्ण झाली नाही. अहवालात मात्र आम्ही फार चमकलो. फोटो आहेत, आलेख आहेत, मुख्याध्यापकांची पत्रं आहेत. शाळेतल्या मुलांना मजा आली, हे खोटं नाही; त्यांतल्या दोघी आजही आमच्याकडे शिकतात. पण संस्थेच्या वार्षिक सभेत ताईंनी माझा अहवाल वाचून संपल्यावर विचारलं, "छान. आता कथकचं सांग."

दुसऱ्या वर्षी मी त्याच अधिकाऱ्याकडे गेले आणि शाळा सातवरून तीन केल्या. त्याने भुवया उंचावल्या. मी त्याला आमच्या नर्तकींचं वेळापत्रक दाखवलं, तासांनिशी. सांगितलं की शिकवणारीचा स्वतःचा रियाज थांबला, की ती दुसऱ्या वर्षी जे शिकवते ते पहिल्या वर्षीचं पाणी घातलेलं असतं. म्हणून शिक्षिकेच्या रियाजाचे तास हा प्रशिक्षणाचाच खर्च आहे. हे मी काही युक्ती म्हणून म्हटलं नव्हतं, ते खरंच आहे. त्याने वर विचारलं आणि मंजूर करून आणलं. तीन शाळा आणि आठ जणींचा रियाज, तीन वर्षं. पेन्सिलची रेघ पहिल्यांदा पुसली गेली ती तिथे.

मोठ्या देणग्या नाकारायचीही वेळ आली, दोनदा. एकदा एका गृहस्थांनी पाच लाखांची तयारी दाखवली; अट एकच, त्यांच्या मुलीला वार्षिक कार्यक्रमात सोलो. ताई म्हणाल्या, "तिला वर्गात पाठवा, तीन वर्षांनी बघू." गृहस्थ चहा अर्धा टाकून गेले. मी आठवडाभर ताईंशी नीट बोलले नाही, कारण त्या महिन्यात हॉलचं भाडं थकलं होतं. ताईंचं बरोबर होतं. पण बरोबर असण्याचा खर्च दर वेळी मीच कुठूनतरी काढायचा, हेही खरं होतं. दुसरी वेळ सांगण्यासारखी नाही.

माझ्या स्वतःच्या पगाराचं. पहिली सहा वर्षं एक पैसा घेतला नाही, बँक होती. २०१५ मध्ये बँक सोडली आणि बजेटमध्ये 'प्रशासक' अशी ओळ घातली. एका विश्वस्तांनी तोडगा सुचवला: "आणशील त्याच्या दहा टक्के घे. तुलाही हुरूप येईल." चांगल्या मनाने म्हणाले होते. पण निधी संकलकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आचारसंहितेत टक्केवारीवर काम करायला स्पष्ट मनाई आहे, आणि तिची कारणं कर्ज विभागात बसलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाहीत. टक्केवारीवर असते तर त्या पाच लाखांच्या वेळी मी ताईंच्या विरोधात मत दिलं असतं. ठरलेला पगार मागितला. बँकेत मिळायचा त्याच्या निम्म्याहून कमी ठरला. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुली मला पगाराचं विचारतात, तेव्हा मी हा आकडा खरा सांगते. त्यातल्या निम्म्या परत फोन करत नाहीत. ज्या करतात, त्यांना आधी परिशिष्ट १ म्हणजे काय ते शिकवते.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद पडलं. नाट्यगृहं बंद, वर्ग बंद, शाळा बंद. साथीदारांचे तर हाल झाले. मी देणगीदारांची आणि जुन्या प्रेक्षकांची यादी काढली आणि रोज पंधरा फोन करायला लागले. पहिल्या फेरीत पैसे मागितले नाहीत. कसे आहात, औषधं मिळतायत का, एवढंच. बऱ्याच घरांत दोनच म्हातारी माणसं होती आणि त्यांना बोलायचं होतं. दुसऱ्या फेरीच्या आधी त्यांनीच विचारायला सुरुवात केली, "मुलींचं कसं चाललंय?" तेव्हा २०१३ मधली ती ओळ पुन्हा बाहेर काढली. रियाजाचा एक तास, १५० रुपये. महिन्याला चार तास म्हणजे ६०० रुपये, बँकेत स्थायी सूचना देऊन ठेवायची. कार्यक्रमाचा पास मिळणार नाही, कारण कार्यक्रमच नाही. नाव कुठे छापणार नाही, कारण स्मरणिका नाही. एक मुलगी घरच्या फरशीवर, सतरंजी दुमडून, शेजाऱ्यांची झोपमोड न करता एक तास रियाज करेल, एवढीच हमी.

६१ जण तयार झाले. स्मरणिकेसाठी मी ज्यांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, त्यांच्यातले फक्त चार. बाकीचे कधीतरी तिकीट काढून शेवटच्या रांगांत बसून गेलेले लोक. इतकी वर्षं मी पहिल्या दोन रांगांतल्या पासवाल्यांकडेच बघत आले होते.

या ६१ जणांनी माझं कागदी काम चौपट केलं, तेही सांगते. २०२१-२२ पासून प्रत्येक देणगीचा तपशील फॉर्म १०बीडी मध्ये ३१ मेपर्यंत भरावा लागतो, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. तो भरला की देणगीदाराचं १०बीई प्रमाणपत्र निघतं. म्हणजे ६१ पॅन क्रमांक, ६१ पत्ते, आणि पॅनवरचं स्पेलिंग एक व बँकेतलं दुसरं अशी नेहमीची भानगड. एक निवृत्त शिक्षक दर दिवाळीला पाकिटात ५,००१ रुपये रोख घेऊन येतात. त्यांना समजावलं की २,००० च्या वर रोख दिली तर ८०जी लागू होत नाही, चेक द्या. ते म्हणाले, "अगं, कर भरावा लागेल एवढं माझं पेन्शनच नाही. तू पैसे मोजून घे." मोजून घेतले. साधी पावती दिली. पाकीट त्यांनी परत मागून घेतलं, पुढच्या वर्षी लागेल म्हणून.

त्यांनीच गेल्या सप्टेंबरात फोन केला. "प्रयोग कधी आहे?" म्हटलं, यंदा डिसेंबरशिवाय नाही. पण रियाज रोज आहे, या की बघायला. आजवर कुणाही देणगीदाराला मी रियाजाला बोलावलं नव्हतं. ताईंना चालेल की नाही, धाकधूक होती. बुधवारी सकाळी सातला ते आले. ताईंनी मान हलवली आणि पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, सुरू ठेवली. ते कोपऱ्यातल्या खुर्चीत दोन तास बसले. मुलींनी एकच परण, म्हणजे पखवाजाच्या बोलांवरची रचना, बावीस वेळा केली. मी मोजली, कारण मला वाटत होतं की ते कंटाळतील. ते मांडीवर बोटांनी मात्रा धरत होते, दोनदा चुकले, पुन्हा धरल्या.

निघताना म्हणाले, "तो मधला पंखा फार कुरकुरतो. बोल ऐकू येत नाहीत नीट." शुक्रवारी एक माणूस शिडी घेऊन आला, पंखा उतरवला, नवा बसवून गेला. बिल माझ्याकडे दिलं नाही. आता ती वस्तुरूपातली देणगी म्हणून नोंदवायची आहे, तिच्यावर ८०जी लागू नाही, आणि किंमत किती धरायची ते विचारायला फोन केला तर ते सांगत नाहीत. रजिस्टरमध्ये त्या रकान्यात अजून पेन्सिलने 'पंखा' एवढंच लिहिलेलं आहे.